पिना मारलेला धडा

लिनेट,

त्या रविवारी पप्पा जाळं शिवत होते आणि तू त्यांना हृदयविकाराची लक्षणं पाठ म्हणून दाखवत होतीस. छाती चोळत ते हसले, "डॉक्टरीणबाय, मना नुसता गॅस हाय." दुसऱ्या दिवशी ते गेले.

तेव्हापासून आरोग्यशास्त्राच्या पुस्तकातला तेवढाच धडा तू स्टेपलर मारून बंद केलायस! उद्या परीक्षा आहे, बाई. सकाळी भाईंदरच्या बसमध्ये वाचणार म्हणे. तिथे उभं राहायला तरी जागा असते का? सगळ्या पिना मी काढल्यात. परत मारशील तर बघ.

मम्मीला घेऊन चर्चमध्ये मिस्साला जातेय. कालवण गरम करून जेव.

आणि इतके दिवस बोलले नाही ते सांगते. तो गॅसच आहे, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं. तुझी काही चूक नव्हती.

क्लेअर