कन्हैयालालची चार मिनिटं

बुध. १२ ऑगस्ट ५३
आजही ढग. गच्चीवर पत्र्याच्या भोकातून ऊन रेघेवर येतं, त्यावरून माझी मध्यान्हाची वेळ ठरते आणि घड्याळ लागतं. शेवटचं ऊन २९ जुलैला मिळालं होतं. चौदा दिवस झाले.

सकाळी आठला कन्हैयालाल दारात. मिलमध्ये विणकर, आमच्या मागच्या बोळात राहतो. या वेळी मागापाशी असायला हवा होता. पोचला तेव्हा गेट बंद होऊन चार मिनिटं झाली होती म्हणे. चौकीदारानं परत पाठवला. जुलैत दोन ताकिदी झाल्यात. तिसऱ्यांदा म्हणजे नोकरीच.

"मास्साब, मैं तो आपकी ही घड़ी देख के निकला था. रोज जैसा."

खरं आहे. रोज खिडकीतून भिंतीवरचं घड्याळ बघतो आणि सहा-चाळीसला निघतो. मीच सांगितलं होतं, भोंग्यावर जाऊ नकोस, भोंगा गाढवाच्या हातात आहे.

गाढव म्हणजे आमचे चिरंजीव. वसंता मिलचा टाइमकीपर. गेटचं घड्याळ तो लावतो, त्या घड्याळावर भोंगा वाजतो, आणि भोंग्यावर अख्खं इंदूर उठून अंघोळीला जातं.

गुरु. १३
जेवताना वसंताला विचारलं, "गेटचं घड्याळ कशावरून लावतोस?"

"रेडिओवरून. टाइम ऑफिसात सेट आहे ना."

"दिल्लीच्या बातम्यांआधीचे ठोके?"

"ते आठला येतात, नाना. आमचं गेट सातचं. सकाळी गाण्यांचं स्टेशन लागतं, तो अनाउन्सर सांगतो, सात बजने में दस मिनिट. त्यावर लावतो."

म्हणजे समुद्रापलीकडे कुणी एक इसम दोन गाण्यांच्या मधे पाणी पितो, खाकरतो, मनाला येईल तेव्हा किती वाजले ते सांगतो, आणि त्यावर इथे हजार माणसांची हजेरी. या मुलानं कॉलेजात फिजिक्स घेतलं होतं. फी मी भरली.

बोललो हे सगळं. तो ताटाकडे बघत म्हणाला, "तुमचं घड्याळ बरोबर, असं तुम्हीच म्हणता ना?"

सौ. नं भात वाढला. विषय संपला.

शुक्र. १४
मिलच्या गेटवर गेलो. खिशातलं घड्याळ घरच्याशी जुळवून नेलं होतं. गेटचं चार मिनिटं पुढे. बरोबर चार! चौकीदाराला म्हटलं, तुमचं घड्याळ चुकीचं. "बाबूजी, ये तो रेडियो टाइम है." असा बोलला की जणू गंगेत बुडवून आणलंय.

चौकीदारच म्हणाला की दोन-तीन मिनिटांना तो डोळेझाक करतो. चार झाली तर वर सांगावं लागतं.

गंमत बघा. सगळे भोंग्यावर निघतात, भोंगा गेटच्या घड्याळावर, म्हणून चुकणारे सगळे वेळेवर. एकटा कन्हैया खऱ्या वेळेनं चालतो, आणि तोच उशिरा. घरी येईपर्यंत हेच घोळवत होतो. बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू.

शनि. १५
वॉर्डातलं झेंडावंदन. आठची वेळ. पाहुणे पावणेनऊला आले, हार घातला, वक्तशीरपणावर बोलले. त्यांना कुणी ताकीद दिली नाही.

रवि. १६
नाइलाजानं दात्यांकडे गेलो. शेजारीच, रेल्वेत हेडक्लार्क. बोळात रेडिओ एवढा एकच, त्यामुळे शहाणपणही तेवढंच. सेटवर विणलेला रुमाल, रुमालावर गणपती. आठच्या दिल्लीसाठी पावणेआठपासून बसवलं.

ठोके आले. शेवटच्या ठोक्याला माझं घड्याळ ७-५८.

दिल्ली दोन मिनिटं पुढे! मनात म्हटलं, वा, राजधानीसुद्धा.

दाते म्हणतात, "अहो मास्तर, इतक्या लांबून आवाज यायचा, वाटेत वेळ लागणारच थोडा."

त्यांना सांगितलं की पापणी लवायला जो वेळ लागतो तेवढ्यात रेडिओची लाट दिल्लीहून पन्नास वेळा येऊन जाईल. आणि वाटेत वेळ लागला तर दिल्ली मागे पडायला हवी, पुढे कशी जाईल?

"मग तुमचंच मागे असेल," दाते. चहा ओतता ओतता, सहज.

चहा न घेता आलो. हेडक्लार्क!

मंगळ. १८
ढग. कन्हैयाला घरी बसवलंय, चौकशी होईपर्यंत. त्याची बायको सौ. कडे आली होती. रडली नाही, नुसती बसली. जाताना सौ. ला म्हणाली, "मास्साब बोलेंगे ना? उनकी घड़ी तो सब मानते हैं."

बुध. १९
ऊन. पावणेबारापासून गच्चीवर. आमचा सूर्य स्टँडर्ड टाइमच्या साडेसव्वीस मिनिटं मागे, वर पंचांगाची दुरुस्ती. तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलं, हे गणित झोपेतही चुकत नाही.

ऊन रेघेवर आलं. खाली येऊन भिंतीवरचं घड्याळ बघितलं. अडीच मिनिटं मागे.

पुन्हा मांडलं. अडीचच.

रोज सात सेकंद मागे पडतंय, दमट हवेनं असेल. एकवीस दिवस तपासलंच नव्हतं. उन्हाशिवाय लावायचं नाही हा माझा नेम. दात्यांच्या रुमालावरून वेळ घ्यायची नाही हाही नेमच.

गुरु. २०
पुन्हा दाते. आठचे ठोके. घड्याळ काल उन्हावर लावलेलं. फरक चार सेकंद. तेवढे माझ्या रेघेच्या जाडीतच जातात.

दिल्ली बरोबर होती. दाते बरोबर होते, हे जास्त झोंबतं. या वेळी चहा घेतला. पांचट.

आता हिशेब सरळ आहे. १२ तारखेला माझं घड्याळ पावणेदोन मिनिटं मागे, वसंताचं सव्वादोन पुढे. मिळून चार. नुसती वसंताची चूक असती तर चौकीदारानं सोडलं असतं. माझ्या पावणेदोननी त्याला चारवर नेलं.

जुलैतल्या दोन ताकिदींच्या तारखा वहीत पाहिल्या. दोन्ही दिवशी आणि आधीचा आठवडाभर, माझ्याच अक्षरात: ढग.

शनि. २२
सकाळी दात्यांकडे गाण्यांचं स्टेशन. अनाउन्सरनं साडेसात सांगितले तेव्हा ७-२७ आणि चाळीस सेकंद. पुढचं गाणं संपल्यावर पुन्हा सांगितली वेळ, ती पाऊण मिनिट उशिरा. एकाच सकाळी एकाच माणसाचं तोंड तीन मिनिटं इकडेतिकडे. सगळं तारीखवार उतरवलं. या कागदापुढे वसंता टिकणार नाही.

माझ्या घड्याळाचा कागद वेगळा केला आहे. तो अजून...

सोम. २४
वसंताला सांगितलं, उद्या चौकशीत मी बोलणार. वाटलं होतं, भांडेल.

"बोला नाना. कन्हैयाचं काम तर वाचेल."

"आणि तुझं?"

"बघू."

त्याच्या आवाजात राग शोधला. नव्हता. मला तो हवा होता.

मंगळ. २५
चौकशी मिलच्या ऑफिसात. लेबर ऑफिसर तरुण, कोटाला पेन, समोर फाइल. कन्हैया भिंतीला टेकून उभा, खुर्ची दिली तरी बसेना.

माझी ओळख झाल्यावर साहेब म्हणाले, "आपके घर रेडियो है?"

"नाही."

"तो आपका टाइम सही, ये कैसे कहते हैं?"

सूर्याचं सांगायला लागलो. गृहस्थानं दुसऱ्या वाक्याला मनगटावरचं घड्याळ बघितलं. अशा माणसापुढे सूर्य मांडायचा! तरी मांडत होतो. माझा गेटच्या घड्याळाचा, अनाउन्सरचा कागद अजून खिशातच होता, तेवढ्यात वसंता उठला.

"सर, घड़ी मेरी आगे थी. मैं गानों के स्टेशन से मिलाता था. गलती मेरी है, इनकी नहीं."

एवढंच. कागद नाही, आकडे नाहीत. ऑफिसरनं पेन काढलं. "कितनी आगे?"

"चार मिनिट."

माझ्या कालपर्यंतच्या ओरडण्यातला आकडा त्यानं उचलला होता. चार. आतला पावणेदोन कुणाचा, हे खोलीत मला एकट्याला माहीत होतं.

साहेबांनी लिहून घेतलं. मला विचारलं, "आपको कुछ और कहना है?"

मी म्हटलं, "नाही."

बाहेर कन्हैयानं वसंताचा हात दोन्ही हातांत धरला. मग माझ्या पाया पडायला वाकला, "मास्साब, आपने बचा लिया." मी मागे सरलो. त्याला वाटलं, संकोच.

गुरु. २७
कन्हैया आजपासून कामावर. वसंताकडून गेटचं घड्याळ काढून घेतलंय. लेखी जबाब मागितलाय, सोमवारी पुन्हा बसणार आहेत. टाइमकीपर ठेवायचा की नाही, ते त्या दिवशी. सौ. देवापाशी बसलीय, माझ्याशी बोलत नाही. तिला काही ठाऊक नाही, तरी बोलत नाही.

वसंता टेबलापाशी जबाब लिहीत होता. मागून वाचलं. "चार मिनट" असंच लिहिलंय, स्वच्छ अक्षरात.

म्हटलं, "आकडा तपासून घे."

"तुम्हीच मोजला होता ना, नाना. मग बरोबरच असणार."

खोलीत आलो. दोन्ही कागद समोर आहेत. तीस वर्षं ज्याला त्याला बेशिस्त, आळशी, अडाणी म्हणत आलो. या वहीतच किती जणांना म्हटलंय, मोजत बसलो तर सकाळ होईल. सोमवारला चार दिवस आहेत. वसंताला आत्ता हाक मारली तर जबाब बदलता येईल, शाई अजून ओली असेल.

तो दिवा मालवतोय.