पिवळी वायर आणि वरच्या मजल्यावरचा दत्ताराम

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून घरचे फोटो घरातच. क्लाउडवर विश्वास नाही. आई जाऊन चार वर्षं झाली. तिच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ परक्याने का बघावा? छोटा कॉम्प्युटर आणि दोन हार्ड डिस्क आणल्या. पॉवर सप्लाय जुन्या, मेलेल्या डेस्कटॉपमधून काढला. हिरवी वायर काळीला जोडली की सुरू होतो. झाला! बायको म्हणाली, नवीन घ्या की. शुभाला यातलं कळत नाही. मी विक्रोळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. स्टोअर्समध्ये, पण काढली.

५ फेब्रुवारी
सगळं डिस्कवर चढवलं. फोनमधलं डिलीट, जुन्या सीडी मोडल्या. जितक्या कॉप्या, तितक्या फटी.

७ फेब्रुवारी, सकाळी ११
डिस्क टकटक करतात, बंद पडतात, पुन्हा सुरू होतात. लिफ्टमध्ये वरचा दत्ताराम भेटला. म्हणे, "काय मार्तंडराव, सर्व्हर बसवलात?" याला कसं कळलं? मरोळला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. म्हणजे घातपाताचं ज्ञान आहे.

८ फेब्रुवारी
पाळत ठेवली. डिस्क तीनदा बंद पडल्या. तिन्ही वेळा दत्ताराम घरात होता. (तो रिटायर आहे, घरातच असतो. पण मुद्दा तो नाही.)

१० फेब्रुवारी
गंधालीचा बोरिवलीहून फोन. "बाबा, सप्लाय थकलाय, दोन डिस्कचा लोड त्याला झेपत नाही. आधी बंद करा." लेकीला हे कोणी शिकवलं? खोदून विचारलं. दत्तारामकाकांनी! घरापर्यंत पोचला.

१२ फेब्रुवारी, दुपारी ३
दोष कनेक्टरचा. जुना कापून नवा स्वतः जोडणार. लाल पाच व्होल्ट, पिवळी बारा. पाठ आहे.

त्याच दिवशी, ४.१०
उलटं झालं. धूर. दोन्ही डिस्क गप्प. शुभाने विचारलं, आईंचा व्हिडिओ? म्हटलं, चौकशी चालू आहे. ती आत गेली.

१३ फेब्रुवारी
मुलुंड वेस्टचा दुरुस्तीवाला डिस्क हुंगून म्हणाला, काका, वाट लागली. जेवलो नाही. आईचा आवाज आठवून पाहिला. नीट आठवेना.

१५ फेब्रुवारी, शनिवार
शुभाने कबूल केलं. मी डिस्क आणल्या त्याच दिवशी तिने फोनमधलं, सीडींवरचं सगळं दत्तारामकडून कॉपी करून घेतलं होतं. माझ्या पाठीमागे! दोघांचा कट होता, हे मी पहिल्यापासून ओळखलं होतं.

संध्याकाळी शुभाबरोबर त्याच्याकडे गेलो. त्याच्या बायकोने, वनमालावहिनींनी, चहा केला. टीव्हीवर व्हिडिओ लावला. आई नव्या साडीत. कोणीतरी तिला रेडिओ भेट देतंय. आई तो पदराखाली घेत म्हणते, "मार्तंडाच्या हातात देऊ नका हो, उघडून बसेल."

तिघं पोट धरून हसली. मीही हसलो. थोडा उशिरा.

मग दत्तारामला म्हटलं, परत लाव.