सिंकखालचा खादाड

३ मार्च, सोमवार
सिंकखालचा ग्राइंडर बंद पडला. साली, देठं, ताटातलं उरलंसुरलं वाटून पाण्याबरोबर वाहून नेणारं मशीन. लेक त्याला खादाड म्हणते. बटण दाबलं की नुसतं गुणगुणतो, फिरत काही नाही. बायको म्हणाली, प्लंबरला बोलावते. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

कारण रविवारी सासरेबुवा येताहेत. त्यांचं सगळं आयुष्य कारखान्यात गेलं, मशीनवर. लग्न ठरताना त्यांनी माझा पंजा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "मऊ आहे." बस, एवढंच. पुढे मी विमा कंपनीत चांगला वर चढलो, घर घेतलं, पण ते 'मऊ आहे' काही माझ्या मानगुटीवरून उतरलं नाही. रविवारी त्यांच्यासमोर खादाड फिरला पाहिजे आणि तो मी फिरवलेला असला पाहिजे.

उद्या ऑफिसातून आल्यावर दुरुस्ती. अर्धा तास पुरे.

४ मार्च
पुरला नाही.
वरून झाडूचा दांडा घालून जोर लावला. दांडा मोडला. झाडू जुना होता. बायको म्हणते मागच्याच आठवड्यात आणला. हल्ली वस्तूंना दर्जा राहिलेला नाही.
त्यानंतर खादाडाची गुणगुणही थांबली. बायकोला म्हटलं, निदान आवाज तरी गेला, म्हणजे सुधारणा आहे. तिने मोडका दांडा उचलून कचऱ्यात टाकला. पटलं असावं.

जेवणानंतर
लेकीने चिमट्याने आतून एक वाकडा चमचा काढला, मशीनच्या बुडाशी असलेलं लाल बटण दाबलं आणि खादाड सुरू झाला. माहितीपुस्तिकेत दिलं आहे म्हणे. मी माहितीपुस्तिका वाचत नाही, त्याने स्वतःचं डोकं चालेनासं होतं. अर्थात चमचा सैल मी केला होता. तिने फक्त उचलला.

५ मार्च, बुधवार
खादाडाच्या बुडातून पाणी गळतंय. दांड्याचा काही संबंध नाही. वय झालं त्याचं.
सीलंटची अख्खी ट्यूब संपवली. आधी एका जागी गळत होतं, आता तीन जागी गळतंय. म्हणजे पाण्याचा दाब विभागला गेला. त्या दृष्टीने काम योग्य दिशेने चाललं आहे.
डिशवॉशरचं पाणीही खादाडातूनच बाहेर जातं, त्यामुळे तोही बंद ठेवावा लागला. बायको भांडी बाथरूममध्ये घासतेय. घासताना जरा जास्तच आवाज करतेय.
सीलंटमुळे डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली आहेत. उद्यापर्यंत सुटतील.

६ मार्च
सुटली नाहीत. साहेबांनी विचारलं, हे काय. फिजिओथेरपी, म्हणालो.
ऑफिसात शांतपणे विचार केला. दुरुस्ती हा कमी कल्पनाशक्तीच्या माणसांचा मार्ग आहे. नवीनच बसवायचा. येताना दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, बसवायला माणूस पाठवू का. मी म्हणालो, घरचा आहे एक. खोटं काहीच नाही त्यात.
खोका प्रचंड जड. लिफ्टपर्यंत आणताना दोनदा खाली ठेवला, तोही केवळ निरीक्षणासाठी. सासरेबुवांचा फोन येऊन गेला म्हणे. मशीन बदलतोय हे बायकोने सांगितलं, तर ते म्हणाले, "जावईबापू स्वतः?" आणि लगेच फोन ठेवला. भारावले असणार.

७ मार्च, शुक्रवार
जुना खादाड काढला. खरं तर तोच आला. मी सिंकखाली उताणा झोपून त्याला वर धरून ठेवणारी रिंग फिरवत होतो, ती एकदम सुटली आणि तो छातीवर येऊन बसला. आत साचलेलं पाणी तोंडावर. कालचं, परवाचं, त्याच्या आधीचं. आधी बादली ठेवायची असते असं बायको म्हणाली. बादली ठेवली असती तर माझं डोकं कुठे ठेवणार होतो?
दोनदा आंघोळ केली. लेक तरीही सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसते.
पण काढणं हे खरं अवघड काम. बसवणं म्हणजे तेच, उलट क्रमाने.

८ मार्च, दुपार
मशीन जिच्यात अडकवायचं ती नवी कडी सिंकच्या भोकात बसवली. भोवती पुट्टी अशी देखणी लावली की बायकोला बोलावून दाखवली. तिने विचारलं, ओट्यावरची ती रबराची रिंग कसली?
ती आधी घालायची होती.

८ मार्च, संध्याकाळ
सगळं काढून पुन्हा बसवलं. आता ओट्यावर दुसरी रिंग आहे. ती जास्तीची दिली असावी. बायकोला तसं वाटत नाही.
तिसऱ्यांदा बसवलं. ओटा रिकामा. स्क्रूही उरलेले नाहीत. पुट्टी उरली होती, तीही आता केसांत आहे.
आता फक्त मशीन खालून वर उचलायचं, कडीत धरायचं आणि फिरवायचं. उचलायला दोन हात लागतात, फिरवायला तिसरा. मशीन बनवणाऱ्यांनी माणूस बघितलेला नाही. गुडघ्याने उचलून पाहिलं. मग पोटावर पुस्तकं रचून. वरचं पुस्तक सरकलं. तपशील लिहीत नाही, कपाळ दुखतंय.
उद्या सासरेबुवा यायच्या आत, सकाळी ताज्या दमाने.

९ मार्च, रविवार
ते सकाळीच आले. मी सिंकखाली होतो. नमस्कार पडल्या पडल्याच केला.
बायको म्हणाली, बाबा, आता तुम्हीच बघा, तुम्हाला मशीनची सवय. सासरेबुवांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग शर्ट काढून बनियनवर माझ्या शेजारी येऊन आडवे झाले. कपाटात दोन डोकी, बाहेर चार पाय. मी म्हणालो, बाबा, तुम्ही सांगा, मी करतो.
ते कुजबुजले, "हे कशाला लावायचं?"
मला वाटलं परीक्षा घेताहेत. म्हणालो, वर कडीत. ते म्हणाले, "असं का. मला कसं माहीत असणार?" आणि मग आणखी हळू आवाजात सांगितलं. कारखान्यात ते हजेरी विभागात होते. मशीनच्या शेडकडे फिरकतही नसत, डोकं दुखायचं. पण माझी बायको चार-पाच वर्षांची असताना शाळेत सांगून आली, माझे बाबा मोठं मशीन चालवतात. "इतकी खूश होती. मग राहूनच गेलं सांगायचं. तुम्ही बोलू नका."
मी विचारलं, मग माझा हात मऊ आहे असं का म्हणालात? ते म्हणाले, "मऊच होता. बरं वाटलं. म्हटलं, आपल्यासारखाच आहे कुणीतरी."
इतकी वर्षं मी या माणसाला घाबरून होतो. मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. दोघं पडल्या पडल्या असे हसलो की कपाटाचं दार हलायला लागलं. बाहेरून बायकोने विचारलं, काय झालं. सासरेबुवा म्हणाले, "टेक्निकल आहे, तुला नाही कळायचं."
मग त्यांनी उचललं, मी फिरवलं. खट्. बसलं. पाइप जोडले, प्लग लावला, बटण दाबलं. काय फिरला म्हणून सांगू. आम्ही दोघांनी त्याला कोथिंबिरीची देठं दिली, काकडीच्या साली दिल्या. साली संपल्यावर आणखी दोन काकड्या सोलल्या. मग त्या काकड्याही दिल्या. लेक म्हणाली, आता मला द्याल.
दुपारी सासरेबुवा मित्राशी फोनवर बोलत होते. "बसवला मी. जावई होते ना खाली, बॅटरी धरून." मी मनावर घेतलं नाही. वयाचा मान.

१० मार्च, सोमवार
सकाळी बायकोने इतक्या दिवसांनी डिशवॉशर लावला. तासाभरात त्याच्या दारातून फेसाचं पाणी बाहेर आलं, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये गेलं आणि सासरेबुवांच्या चपला दारापर्यंत घेऊन गेलं. मी लगेच निदान केलं: डिशवॉशर बिघडला. खोलण्यासाठी पान्हा आणायला गेलो, तेवढ्यात बायकोने प्लंबरला फोन केला. माझ्याकडे न बघता.
प्लंबर आला. नव्या खादाडाला डिशवॉशरचा पाइप जिथे जोडतात, तिथे आत एक प्लॅस्टिकची चकती असते. पाइप लावायच्या आधी ती ठोकून काढायची. आम्ही तिच्यावरच पाइप जोडला होता, तोही चांगला घट्ट. त्याने दोन ठोके मारून चकती पाडली आणि सहज विचारलं, कोणी बसवलं हे?
सासरेबुवांनी क्षणाचाही वेळ न घालवता माझ्याकडे बोट केलं. "यांनी. एकट्यांनी. मी कालच आलोय."
प्लंबर गेल्यावर बायको वडिलांकडे वळली. म्हणाली, बाबा, तुम्ही जन्मभर मशीनवर होतात, तुमच्याही लक्षात नाही आलं?
सासरेबुवा चष्मा पुसायला लागले.  एक वाक्य बोललो असतो तर मी मोकळा झालो असतो. वाक्य तयारही होतं.
मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."
बायको म्हणाली, वाटलंच मला. आणि पोछा माझ्या हातात दिला.
हॉल पुसत होतो. सासरेबुवा सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. मी जवळ गेल्यावर वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "शाब्बास." लग्नानंतरची पहिली शाबासकी.
मग मोठ्याने म्हणाले, "जावईबापू, सोफ्याखाली राहिलंय."