हिरवी निघालेली रोपं

सर, काल ठाकुर्लीला काकूंकडे जाऊन आले. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, पण त्या स्वयंपाकघरात गेलं की मला अजून गॅसपाशी तुम्हीच दिसता. तुमच्या नव्या भातवाणांची चार लहान पातेली, प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर फक्त नंबर. काकू वैतागायच्या, "अहो, आज जेवायचंय की परीक्षा द्यायचीय?" तुम्ही म्हणायचात, "आधी तीन नंबर चाख." "गिच्च गोळा झालाय. लोकांना असला भात द्याल तर शिव्या खाल." आणि शेतात कित्येक हंगाम जपलेला तीन नंबर तुम्ही त्या एका शब्दावर बाजूला ठेवायचात. चवीची परीक्षा कागदावर होत नाही हे मी तिथे शिकले. आज माझ्या विद्यार्थ्यांनाही घरी भात शिजवायला लावते.

तुमच्या शेवटच्या संकराचं काम तुम्ही मला दिलंत, तेव्हा मी पीएच.डी. करत होते. सकाळी फुलं उमलायच्या आत चिमट्याने त्यांतले परागकोश काढायचे, वर कागदी पिशवी बांधायची, मग जांभळ्या पानांच्या वाणाचा पराग द्यायचा. संकर साधला तर रोपं जांभळी येणार. आली ती सगळी हिरवी. तुम्ही वाफ्याशी उकिडवे बसलात. निवृत्तीला दोनच हंगाम उरले होते.

"काय झालं गं?"

"वारा सुटला होता, सर. पिशव्या उडाल्या."

तुम्ही बराच वेळ रोपांकडे पाहत होतात. मग म्हणालात, "पुढच्या हंगामात परत करू. मी येईन बरोबर." आणि रोज माझ्याआधी हजर असायचात. बैठकीत सांगितलंत, "देखरेख माझी कमी पडली." त्या दुसऱ्या संकरातून निघालेलं वाण आज शेतकरी लावतात. तुम्हाला ते बघायला मिळालं नाही. माझी नोकरी, बाळकुमचं घर, सगळं त्या एका जास्तीच्या हंगामावर उभं आहे.

वारा नव्हता, सर. मला उठायला उशीर झाला होता. फुलं उमलून त्यांना स्वतःचाच पराग लागला होता, तरी मी घाईने पिशव्या बांधल्या. पिशव्या उडून बाहेरचा पराग आला असता तर रोपांत फरक दिसला असता. ती तर सगळी हुबेहूब आईसारखी होती. हे मी आता वर्गात शिकवते, म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं असणार.

हे काकूंना सांगायचं ठरवूनच काल गेले होते. बोलता बोलता त्याच म्हणाल्या, "शेवटी शेवटी ह्यांचं कामात लक्ष राहिलं नव्हतं गं. स्वतःच सांगायचे."

मी नुसती मान हलवली.