बरणी क्र. ४ मधली साखर

१२ जुलै १९४८, हिमायतनगर
बरणी क्र. ४ पुन्हा दगा देते आहे. काल जोंधळ्याच्या मुळांभोवतीचं पाणी आटवून साखर ओळखायचं निळं रसायन घालून उकळलं, तर विटकरी गाळ. म्हणजे साखर! मुळातून साखर बाहेर झिरपते हे माझं म्हणणं खरं. आज त्याच बरणीत निम्मीसुद्धा नाही. पाय फुटले काय तिला? प्रयोगशाळेच्या चाव्या दोघांकडेच. एक मी, दुसरे जमादार गौसमियाँ.

१५ जुलै
गौ.ना सरळ विचारलं. "मैं कायकू हात लगातूं मास्टरसाब? घास का पानी है, शरबत थोडीच है." वर हसले. अकरा वर्षं माझ्या बरण्या धुताहेत, पण हल्ली कोण कोणाचा हे सांगता येत नाही. त्यांचा मेहुणा रझाकारांत आहे म्हणे. सु. म्हणाली, "रेशनची साखर सोडून तुमच्या बरणीतली कोण चोरील?" बायकोला सगळंच सोपं वाटतं.

२१ जुलै
बरणीच्या तोंडाला दोरा, त्यावर लाख, लाखेवर माझी अंगठी दाबली. आता बघू.

२३ जुलै
सील शाबूत. साखर कमी. म्हणजे सील वितळवून परत लावणारा बेरकी आहे. अंगठी परवा न्हाणीत राहिली होती. घरी कोण कोण येतं-जातं ते लिहून ठेवायला हवं.

२ ऑगस्ट
प्रिन्सिपॉलना लेखी अर्ज दिला. जमादार विश्वासाचे नाहीत, बाहेरच्या कोणाच्या सांगण्यावरून कामात विघ्न आणतात असा संशय आहे, वगैरे. ते बाहेरचं वाक्य नसतं लिहिलं तरी चाललं असतं. लिहिलं. गौ.नी चावी टेबलावर ठेवली. बरं वाटलं मला.

११ ऑगस्ट
चावी फक्त माझ्याकडे. साखर तरीही कमी!

१८ ऑगस्ट
रोप उपसून नुसतं पाणी ठेवलं. तीन दिवस साखर जशीच्या तशी. रोप परत सोडलं, घटली. क्र. ५ मध्येही तेच. चोर मूळच. स्वतःच बाहेर टाकतं, स्वतःच परत ओढून घेतं. घरी येऊन सु.ला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "मग गौसमियाँचं काय?" जेवण गेलं नाही.

२५ ऑगस्ट
अर्ज मागे घ्यायला गेलो. दारापर्यंत. आत पाहुणे होते. शिवाय नामपल्ली स्टेशनात गाड्या तुडुंब, सु.ला सोलापूरला तिच्या भावाकडे पाठवावं की नाही ते ठरत नाही. सोमवारी जाईन.

१९ सप्टेंबर
फौजा आल्या. सिकंदराबादेत मिठाई वाटताहेत. मीही मोकळा श्वास घेतला, खोटं का बोला. कॉलेज बंद. सोमवार किती आले नि गेले.

८ ऑक्टोबर
नवे साहेब जुन्या फायली चाळताहेत. गौ.ना कामावरून बंद केलं, रझाकारांचा माणूस म्हणून चौकशीला नेलं. पुरावा माझा अर्ज. बाहेरच्या माणसाचं ते वाक्य, त्याखाली लाल पेन्सिल. कारकून कौतुकाने म्हणाला, "वेळेवर ओळखलंत हो!" चोर सोडून संन्याशाला सुळी, तीही माझ्या अक्षरात. लाज वाटते.

११ ऑक्टोबर
गौ.ची बायको सकाळी दारात. "वो बोले, मेरे वास्ते लिखे तो मास्टरसाबच लिखेंगे. ग्यारा बरस साथ काम करे ना." अर्ज कोणी केला हे तिला ठाऊक नाही. गौ.ना असेल का? असूनही पाठवलं असेल का? पुन्हा संशय. खोड जाता जात नाही.

सु.ने तिला चहा दिला, माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणालो, लिहितो.

लिहिलं. मुळांचं सगळं लिहिलं, अकरा वर्षांचंही लिहिलं. 'आधीचा अर्ज माझाच, आणि तो खोटा ठरला' हे वाक्य दोनदा घातलं, दोनदा खोडलं. नाही घातलं तर साहेब दोन सह्या शेजारी ठेवून विचारतील, कोणती खरी. घातलं तर मलाही चौकशीच्या बाकावर बसवतील. आणि तिला वाचता येत नाही. कागदात काय आहे ते मलाच वाचून दाखवावं लागेल, समोर बसून.

उद्या दहाला येणार आहे ती. तिसऱ्यांदा घातलंय. सही अजून नाही.