घाटंजीच्या घरावरचं नाव

३ डिसेंबर
काझी वकीलसाहेबांकडे (यापुढे व.सा.) पाचवी फेरी. सायकल दुकानावरचं ऑफिस, अरुंद जिना. घ्यायच्या घराचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या मालकीचा तपास, झाला का, विचारलं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “पाहून राह्यलो, मॅडम.” महिनाभर हेच. फोन उचलत नाहीत.
घरमालकीणबाईंनी आज पुन्हा सांगितलं, संक्रांतीपर्यंत खोल्या रिकाम्या हव्यात, मुलाचं लग्न आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचं दार...

६ डिसेंबर
शाळा सुटल्यावर ते घर बाहेरून पाहून आले. दोन खोल्या, पडवी, मागे शेवगा. विकणारे मनोहरभाऊ भेटले, शेतातून आलेले, बाहीला कापूस चिकटलेला. “तुमचा वकील काहून अडवून राह्यला, ताई? बाबाचं घर, आम्ही दोघं भाऊ. झालं. दुसरं गिऱ्हाईक आहे माह्यापाशी.” पण जाताना तुरीच्या ओल्या शेंगा दिल्या पिशवीभर.

११ डिसेंबर
व.सां.वर चिडले शेवटी. सगळे तीस वर्षांचे कागद पाहतात, तुम्ही कुठवर जाणार?
“घर पहिल्यांदा कोनं घेतलं, तितवर. यवतमाळले जुनी रजिस्टरं हातानं चाळा लागतात. बाकीच्याइले घाई असते. मले नाही.”
“मला आहे.”
“दिसते ना,” म्हणाले आणि चहा मागवला. मी न पिताच निघाले. वेलचीचा वास जिन्यापर्यंत आला. घरी येऊन वाईट वाटलं.

१७ डिसेंबर
व.सां.नी आपणहून फोन केला. गेले. टेबलावर जुन्या खरेदीखताची नक्कल, वळणदार हस्ताक्षर. घेणाऱ्याच्या जागी: वेणू, वय दोन वर्षे, अ.पा.क. बाप.
“अज्ञान पालनकर्ता,” ते म्हणाले. “पोरगी लहान, म्हनून बापाची सही. घर पोरीचं.”
वेणू म्हणजे मनोहरभाऊंची मोठी बहीण. बाप कर भरायचा म्हणून पावती त्याच्या नावाची. तो गेल्यावर भावांनी पावतीवर आपली नावं चढवली. मूळ कागद कुणी पाहिलाच नाही.
“बापाने तिला सांगितलं नसेल?”
“मंग हे दोघं पोरं झाले. राहून गेलं असन.”
बोलताना त्यांचं बोट नावाच्या खाली होतं, नावावर ठेवलं नाही. चालायला नुकतं लागलेलं मूल, आणि त्याच्या नावावर भिंती, छप्पर, चारी दिशांच्या सीमा. इतकी वर्षं ते नाव त्या रजिस्टरात मिटून पडलेलं. आणि तिला पत्ता नाही.

२० डिसेंबर
मनोहरभाऊ व.सां.कडे येऊन खाली मान घालून बसले. “सच्ची माहीत नव्हतं आम्हाले.” मग, “पण भाऊबीजेले तिनं साडी घेतली न बाबाचं सारं सोडलं म्हनली. कागद द्या, सही घेऊन येतो. वाचून कायले दाखवता?”
“भाऊ, आपलं हाय हेच माहीत नाही, ते सोडलं कसं?” व.सा. म्हणाले.
माझ्याही मनात आलं होतं, आणू द्यावी सही. लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.
मीही केली होती हक्कसोडीवर सही, एका भाऊबीजेला. ताटाशेजारी कागद, वर मोरपंखी साडी. भाऊ चांगला आहे माझा. वाचलं मात्र नव्हतं.

२७ डिसेंबर
झरी जामणीकडे, वेणूताईंच्या सासरी. जीपमध्ये व.सा., मनोहरभाऊ, मी. सागाची पानं रस्ताभर. वेणूताई अंगणात तूर पाखडत होत्या, साठीच्या पुढच्या. व.सां.नी सगळा कागद उभ्यानं वाचला, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला, सगळा. वेणूताईंचं सूप थांबलं.
“नावाचं पुन्यांदा वाचा.”
तीनदा वाचलं. कंटाळले नाहीत.
“मन्या, तुले माहीत होतं?”
“नाही व बाई.”
“मले वाटे, बाबाले माहं नावच आठवत नाही. जवा पाहा तवा ‘ए पोरी’.” हसल्या. पदरानं तोंड पुसलं, जरा जास्त वेळ.
घर देणार का, मनोहरभाऊंनी विचारलं. “पाह्यल्याबिगर नाही सांगत.”
परतताना व.सां.कडे पाहिलं. या माणसाला मी महिनाभर आळशी म्हणत होते.

४ जानेवारी
वेणूताई सकाळच्या बसनं आल्या, एकट्या. व.सा. आणि मी घराशी थांबलो होतो. किल्ली मनोहरभाऊंनी माझ्याकडे ठेवली होती, ती दिली. त्यांनी उंबऱ्याशी चपला काढल्या, कुलूप उघडलं, आत गेल्या. मी मागे जाणार होते, पाय उचलला नाही.
एका खोलीतून दुसरीत जाणारी पावलं. मग आतून कडी लावल्याचा आवाज.
व.सां.कडे पाहिलं. संक्रांतीला दहा दिवस. त्यांनी पायरीवर रुमाल पसरला.
“बसा, मॅडम.”
बसले. शेवग्याला फुलं आली आहेत. किती वेळ झाला, विचारलं नाही.