मेहुण्याच्या बरणीचा बदला

४ तारीख, सोमवार
गल्लीत वासांचं प्रदर्शन होणार. चित्रकार बाई घरोघरी रिकाम्या बरण्या वाटून गेल्या. ज्या वासाने आपली जागा आठवते, तो बरणीत भरून द्यायचा. लोक डोळे बांधून हुंगणार, जागा ओळखणार. सर्वोत्तम बरणी पुढच्या टेबलावर, खाली मोठ्या अक्षरांत नाव. नाव माझंच लागणार. माझ्यासारखं नाक अख्ख्या गल्लीत नाही.

६ तारीख
कापसावर इम्पोर्टेड सेंट मारून दिला. बाई म्हणाल्या, काका, हा दुकानाचा वास झाला, तुमचं घर कुठाय यात? माझी बरणी मागे, झाडूंच्या शेजारी! आणि मेहुण्याने स्वतःच्या गॅरेजातलं ग्रीसचं फडकं दिलं, तर बाईंचे डोळे भरून आले. पुढचं टेबल त्याला. हाच माणूस आमच्या लग्नात रुसून बसला होता. आता सोडत नाही त्याला.

७ तारीख
प्लॅन ठरला. तसंच काळं फडकं घाण करून त्याच्या बरणीत घालायचं. भर उद्घाटनात पाहुणे नाकं मुरडतील, मेहुण्याचं थोबाड बघण्यासारखं होईल. फडकं पलंगाखालून फिरवलं, चपलांच्या कपाटात कोंबलं.

९ तारीख
हुंगलं. काहीच नाही. सर्दी असावी. फडक्याने गुडघ्याचं मलम पुसलं, मग ते बाथरूमच्या पायपुसण्यात गुंडाळून ठेवलं. बायकोने विचारलं, काय चाललंय? म्हटलं, कला.

१२ तारीख
अजूनही वास नाही. मेहुण्याचं नशीबच जोरावर! तरी प्रदर्शनाचा वॉचमन चहाला गेल्यावर फडकी बदलून आलो. वास नसला तर नसला. बरणीला वासच नाही म्हणून तरी हसतील.

१४ तारीख, दुपारी
उद्घाटन. पहिला गॅसवाला. डोळे बांधलेले. मेहुण्याची बरणी हुंगून म्हणाला, हा तर काकांचा जिना, सिलिंडर चढवताना श्वास धरून जातो. दूधवाल्याने तेच सांगितलं. शेजारीण म्हणाली, आमची भिंत एकच आहे हो, मला विचारू नका. बायकोने तर झाकण पुरतं उघडायच्या आधीच सांगितलं, आले मी घरी.
मेहुणा म्हणाला, भाऊजी, माझं फडकं द्या. खिशातून काढून द्यावं लागलं. बाई मात्र टाळ्या वाजवत होत्या. इतकी अचूक ओळखलेली दुसरी बरणी नाही म्हणाल्या. पुढच्या टेबलावर आता माझं नाव आहे, मोठ्या अक्षरांत. महिनाभर राहणार.

संध्याकाळी
घरभर फिरून हुंगलं. पलंग, कपाट, बाथरूम, उशी. कसलाही वास नाही. बायकोला तसं ठणकावून सांगितलं. ती खिडक्या उघडत म्हणाली, तुम्हाला कुठून येणार? तुम्ही घरातलेच ना!